चष्मा घालवण्याआधीची मोजमापं

डेट्रॉईट सोडून उत्तरेला निघालं की वीसेक मैलांवर ट्रॉय लागतं. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या आणि मोटारींसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्यांमुळे या शहरात आणि भोवतालच्या ओकलंड काउंटीत इंजिनिअरांची दाट वस्ती आहे. त्यांत भारतीय पुष्कळ, आणि भारतीयांत मराठी घरंही बरीच. ॲडम्स रोडवरच्या भारतीय टेम्पलमध्ये किंवा डेट्रॉईटच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला चार माणसं जमली, की ग्रीन कार्ड आणि मुलांची कॉलेजं यांच्यानंतर कधी तरी चष्म्याचा विषय निघतो. कुणी तरी नुकताच लेसरने घालवलेला असतो. मग विचारपूस सुरू होते. दुखलं का? खर्च किती आला? इथे केलंस की पुण्याला जाऊन?

सहसा कुणी विचारत नाही तो प्रश्न वेगळाच असतो : तुझ्या कॉर्नियाची जाडी किती भरली?

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, बुबुळावरची काच. मध्यभागी त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. चष्म्याच्या नंबराचं सगळं ऑपरेशन या अर्ध्या मिलिमीटरात चालतं. गेल्या चाळीस वर्षांत हे ऑपरेशन जे सुधारलं त्याचं श्रेय लोक यंत्रांना देतात, आणि यंत्रं खरोखरच अफाट आहेत. पण त्या सुधारणेचा मोठा वाटा वेगळ्या लोकांचा आहे. ज्यांनी बिघडलेले डोळे बारकाईने पाहिले, मोजले, वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला आणि कुणाच्या डोळ्याला लेसर लावू नये हे शोधून काढलं, त्यांचा. या कामातला एक धागा ट्रॉयपासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि दुसरा थेट नागपूरजवळच्या खेड्यांत.

ट्रॉयजवळचा धागा ॲन आर्बरचा. १९९३ साली मिशिगन विद्यापीठात जेरार मुरू यांच्या अतिजलद लेसरच्या प्रयोगशाळेत एक अपघात झाला. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या डोळ्यात लेसरची तिरीप गेली. मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये, रॉचेस्टर विद्यापीठात असताना, लेसरचा स्पंद आधी ताणायचा, मग त्याची ताकद वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा आवळायचा अशी युक्ती शोधली होती. त्यामुळे फेम्टोसेकंदांत मोजावे लागणारे, अतिशय आखूड आणि अतिशय जोरकस स्पंद मिळू लागले होते. एक फेम्टोसेकंद म्हणजे एकावर पंधरा शून्यं ठेवून भागलेला सेकंद. असला किरण डोळ्यात गेलेला तो मुलगा विद्यापीठाच्याच केलॉग आय सेंटरमध्ये पोहोचला. तिथे रॉन कर्ट्झ नावाचे तरुण निवासी डॉक्टर होते. त्यांनी डोळ्याच्या मागच्या पडद्यावरची इजा पाहिली आणि चकित झाले. इजा फार लहान होती आणि कमालीची रेखीव होती. इतर लेसरांच्या भाजण्यात कडेला जो पसारा दिसतो तो इथे नव्हता.

कर्ट्झनी रुग्णाला औषध लिहून देऊन विषय संपवला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी चौकशी केली, हा लेसर कुठला? तिथून ते मुरूंच्या केंद्रात पोहोचले. टिबोर युहास या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि १९९७ मध्ये दोघांनी इंट्रालेस ही कंपनी काढली. लेसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा कापून दारासारखा उघडावा लागतो. त्याला फ्लॅप म्हणतात. तोवर तो मायक्रोकेराटोम नावाच्या यांत्रिक पात्याने कापत. फेम्टोसेकंद लेसर कॉर्नियाच्या आत ठरलेल्या खोलीवर सूक्ष्म बुडबुड्यांचा थर उठवतो आणि पापुद्रा पात्याशिवाय सुटतो. नव्या शतकाच्या सुरुवातीला हे यंत्र दवाखान्यांत आलं. २०१८ मध्ये मुरू आणि स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, तेव्हा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख आवर्जून झाला.

ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगितली जाते. त्यात नशीब आहेच, पण प्रयोगशाळेतले अपघात काही दुर्मीळ नसतात. दुर्मीळ असतं ते इजेकडे इतक्या निरखून पाहणं.

कॉर्नियाला प्रत्यक्ष आकार देतो तो लेसर मात्र वेगळा. त्याचं नाव एक्सायमर, आणि त्याच्या मुळाशी मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या यॉर्कटाउन हाइट्सच्या आयबीएम प्रयोगशाळेत ते, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम असे तिघे प्लास्टिकवर अतिनील लेसरचे प्रयोग करत होते. १९८१ च्या थँक्सगिव्हिंगला श्रीनिवासन यांनी घरच्या जेवणात उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत नेलं आणि त्यावर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर मारून पाहिला. स्वच्छ कडांची खाच पडली. शेजारची ऊती करपली नव्हती. या तरंगलांबीच्या प्रकाशकणात रेणूंमधले बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते, त्यामुळे पदार्थ जळण्याऐवजी थराथराने उडून जातो. पुढे कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यॉर्कटाउनला आले. जनावरांच्या डोळ्यांवर प्रयोग झाले आणि १९८३ मध्ये कॉर्नियावरचा तो प्रसिद्ध शोधनिबंध आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, चष्म्याच्या नंबरासाठी पहिल्या एक्सायमर यंत्राला परवानगी दिली ती १९९५ च्या ऑक्टोबरात. मधली बारा वर्षं ससे, माकडं, आंधळे डोळे आणि मग डोळस माणसं अशा क्रमाने गेली.

एवढी सावधगिरी का? कारण तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर एक ताजा धडा होता.

सत्तरच्या दशकात रशियात स्वियातोस्लाव फ्योदोरोव यांनी रेडियल केराटोटॉमी लोकप्रिय केली. कॉर्नियावर हिऱ्याच्या सुरीने, चाकाच्या आऱ्यांसारखे छेद घ्यायचे. मधला भाग चपटा होतो आणि मायनस नंबर उतरतो. अमेरिकेत हे ऑपरेशन झपाट्याने पसरलं. तेव्हा राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या पैशाने एक अभ्यास सुरू झाला, त्याचं संक्षिप्त नाव पर्क. जॉर्ज वॉरिंग त्याचे प्रमुख होते. नऊ केंद्रांत ४३५ रुग्ण घेतले गेले. या अभ्यासाचं मोठेपण त्याच्या चिकाटीत आहे. वर्षभराने बहुतेकांना चांगलं दिसत होतं, आणि तिथे थांबलं असतं तर सगळे खूश राहिले असते. वॉरिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना दहा वर्षं धरून ठेवलं. १९९४ मध्ये निकाल आले तेव्हा कळलं, की ऑपरेशननंतरच्या सहाव्या महिन्यापासून दहाव्या वर्षापर्यंत ४३ टक्के डोळे एक नंबर किंवा त्याहून जास्त प्लसकडे सरकले होते. छेद दिलेला कॉर्निया शांत बसला नव्हता. चपटा होतच राहिला होता. या ऑपरेशनचं युग ओसरलं त्यामागे लेसरची स्पर्धा होती आणि हे आकडेही होते.

लेसरवाल्यांनी हा धडा घेतला, पण पूर्ण घेतला असं म्हणता येत नाही. नव्वदच्या दशकात ग्रीसच्या क्रीट बेटावर योआनिस पाल्लिकारिस यांनी आणि इटलीत लुचो बुरात्तो यांनी फ्लॅप आणि एक्सायमर यांची सांगड घातली. लेसिकचा जन्म झाला. दुसऱ्या दिवशी लख्ख दिसायचं, दुखायचं फारसं नाही. जगभर रांगा लागल्या. आणि १९९८ मध्ये थिओ साइलर यांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांचा कॉर्निया लेसिकनंतर कमकुवत होऊन पुढे फुगू लागला होता. डॉक्टर त्याला एक्टेशिया म्हणतात. नजर धूसर होत जाते, चष्म्याने सुधारत नाही, आणि काहींना शेवटी कॉर्नियाचं प्रत्यारोपण करावं लागतं. चष्मा घालवायला आलेल्या धडधाकट माणसावर ही पाळी येणं हे या शास्त्राचं सर्वांत मोठं अपयश होतं. एक्टेशिया विरळा आहे. पण ज्याच्या नशिबी येतो त्याला टक्केवारीचा काय उपयोग?

इथून पुढचा पंचवीस वर्षांचा सगळा अभ्यास एका प्रश्नाभोवती फिरतो. कुठला कॉर्निया फुगणार, हे आधी कळेल का?

त्यासाठी थोडं गणित मांडायला हवं. चार्ल्स मनर्लिन यांनी १९८८ मध्ये दिलेलं सूत्र आजही हिशेब समजायला पुरतं. जितका रुंद भाग घासायचा त्याच्या मिलिमीटरांचा वर्ग करा, नंबराने गुणा, तिनाने भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत येतं. सहा मिलिमीटरच्या भागासाठी दर एका नंबरामागे बारा मायक्रॉन जातात. समजा कुणाचा नंबर मायनस आठ आहे. म्हणजे ९६ मायक्रॉन घासले जाणार. (आताची यंत्रं कडा सौम्य ठेवण्यासाठी याहून थोडं अधिकच घेतात.) फेम्टोसेकंदचा फ्लॅप ११० मायक्रॉनचा धरू. कॉर्निया ५४० मायक्रॉन जाड असेल तर खाली न दुखावलेला गाभा ३३४ मायक्रॉनचा उरतो. जुना नियम सांगायचा, की खाली निदान २५० मायक्रॉन उरले पाहिजेत. म्हणजे हा माणूस आरामात पास.

आता तोच नंबर, पण यंत्र जुनं. पात्याचा फ्लॅप १६० मायक्रॉनचा आणि कॉर्निया ५१४ चा. गाभा उरतो २५८ मायक्रॉन. नियमाने हाही पास, आठ मायक्रॉनांनी. पण पाती ठरल्या जाडीपेक्षा वीस-तीस मायक्रॉन इकडेतिकडे जात असत. फ्लॅप थोडा जाड निघाला की नियम कागदावरच राहिला. शिवाय कॉर्नियाच्या एकूण जाडीपैकी निम्मी जाडी या ऑपरेशनने कापली किंवा उडवली गेली, हे २५० चा नियम सांगतच नव्हता. २०१४ मध्ये ब्राझीलचे मार्कोनी सान्तियागो आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच मोजलं. ऑपरेशनआधी कॉर्नियाच्या पृष्ठभागाच्या नकाशात काहीही वावगं न दिसता ज्यांना पुढे एक्टेशिया झाला त्यांचे डोळे तपासून त्यांनी दाखवलं, की फ्लॅप आणि घासलेला भाग मिळून मूळ जाडीच्या चाळीस टक्क्यांवर गेले तर धोका ठळकपणे वाढतो. या आकड्यावर वाद आहेत, सगळे तो लक्ष्मणरेषा मानत नाहीत. तरी फेम्टोसेकंदच्या पातळ फ्लॅपने नेमकं काय मिळवून दिलं ते या हिशेबाने समजतं. ५१४ च्याच कॉर्नियात कापलेला-घासलेला भाग पन्नास टक्क्यांवरून चाळिसावर आला. ॲन आर्बरच्या त्या रेखीव इजेची किंमत दहा टक्के कॉर्निया.

उदाहरणात ५१४ हा आकडा मुद्दाम घेतला आहे. तो नागपूरचा आहे.

२००६ ते २००८ या काळात नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत एक मोठी पाहणी झाली. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी हे तिचं नाव. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीच्या हायडलबर्ग विद्यापीठाचे योस्ट योनास यांनी ती चालवली. तीस वर्षांवरच्या ५,८८५ गावकऱ्यांपैकी ४,७११ तपासणीला आले, म्हणजे दहांतले आठ. शहरातल्या दवाखान्यात स्वतःहून येणारे रुग्ण मोजणं सोपं असतं. गावातल्या प्रत्येक पात्र माणसाला तपासणीपर्यंत आणणं हे वेगळंच काम आहे, आणि त्या कामाशिवाय मिळणारा आकडा पोकळ असतो. या शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. पाश्चात्त्य अभ्यासांत ती साधारण ५३५ ते ५४५ च्या घरात येते.

पंचवीस मायक्रॉनांचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. मनर्लिनच्या हिशेबात तो दोन नंबरांएवढा आहे. अमेरिकन सरासरीवर बेतलेल्या कोष्टकात जो मायनस आठवाला बसतो, त्याचा वऱ्हाडातून किंवा देशावरून ट्रॉयला आलेला भाऊबंद काठावर येतो.

याच पाहणीतून दुसरा, अधिक गंभीर आकडा निघाला. केराटोकोनस म्हणजे कॉर्निया आपणहून पातळ होत शंकूसारखा पुढे येणं. लेसर लागण्याआधीच ज्याच्यात हा विकार दबा धरून आहे, त्याला लेसिकनंतर एक्टेशियाचा धोका सर्वांत मोठा. अमेरिकेत वर्षानुवर्षं उद्धृत होणारा आकडा मिनेसोटाच्या ओल्मस्टेड काउंटीतला होता, १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला : लाखात सुमारे ५४. नागपूरच्या खेड्यांत, कॉर्नियाची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा जास्त असणं ही व्याख्या धरली, तर प्रमाण २.३ टक्के आलं. व्याख्या ४९ वर नेली की ०.६ टक्के, ५० वर नेली की ०.१. या पाहणीत कॉर्नियाचे रंगीत नकाशे नव्हते, फक्त वक्रता मोजली होती, त्यामुळे २.३ हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण सर्वांत कडक व्याख्या लावली तरी तो मिनेसोटाच्या वरच राहतो. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानेही हेच दाखवलं होतं. एकाच शहरात, एकाच रुग्णालयाच्या छत्राखाली, दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत केराटोकोनस गोऱ्यांच्या सुमारे चौपट. कारणांचा शोध चालू आहे. आनुवंशिकता आहे, ॲलर्जी आणि तिच्यामुळे डोळे चोळण्याची सवय आहे. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयात डॉ. रोहित शेट्टी आणि सहकाऱ्यांनी केराटोकोनसच्या रुग्णांत दाह घडवणारी आणि ऊती झिजवणारी प्रथिनं वाढलेली दाखवली. म्हणजे आईने लहानपणी ‘डोळे चोळू नकोस’ म्हणून घातलेली हाक वैद्यकीयदृष्ट्या अगदी योग्य होती.

ट्रॉयमधल्या एखाद्या दवाखान्यात आज कुणी मराठी मुलगी लेसिकची चौकशी करायला गेली, तर या सगळ्या संशोधनाचं फळ तिला पहिल्या तासातच भेटतं. तिला आधीच सांगितलेलं असतं, की सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स निदान आठवडाभर घालू नका. लेन्स कॉर्नियाला तात्पुरता दाबते आणि नकाशा खोटा येतो. मग हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि समोरच्या वर्तुळांकडे पाहायचं. डोळ्यावर त्या वर्तुळांचं प्रतिबिंब पडतं. ती गोल आहेत की कुठे खाली ओघळल्यासारखी वाटतात, हे यंत्र टिपतं. दुसरं यंत्र कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागाचाही नकाशा काढतं, कारण केराटोकोनसची सुरुवात अनेकदा तिथेच दिसते. तिसरं सगळ्यांत वरच्या पेशींच्या थराची जाडी बिंदूबिंदूला मोजतं. लंडनचे डॅन राइनस्टाइन यांनी दाखवलं होतं, की आतला शंकू लपवण्यासाठी वरचा थर टोकावर पातळ आणि भोवती जाड होतो. म्हणून पुढून गुळगुळीत दिसणारा कॉर्नियाही संशयित असू शकतो. काही ठिकाणी हवेची हलकी फुंकर मारून कॉर्निया किती लवचीक आहे तेही पाहतात.

या तपासण्यांचे आकडे जोडून जोखीम ठरवायची पद्धत २००८ मध्ये ब्रॅडली रँडलमन आणि सहकाऱ्यांनी घालून दिली. नकाशा, उरलेला गाभा, वय, जाडी आणि नंबर या पाच गोष्टींना त्यांनी गुण दिले. वय त्यात आहे हे लक्षात घेण्यासारखं. विशीतल्या तरुणाचा कॉर्निया आज निर्दोष दिसला, तरी केराटोकोनस उमटायची वयोमर्यादा त्याची अजून संपलेली नसते. लग्नाआधी चष्मा घालवण्याची घाई असते त्याच वयात डॉक्टर थांबा म्हणतात, त्याचं कारण हे. आणि ज्यांचा कॉर्निया फुगू लागलाच आहे त्यांच्यासाठीही एक वाट निघाली. जर्मनीत ड्रेस्डेनला वोलेनझाक, श्पर्ल आणि साइलर यांनी २००३ मध्ये क्रॉस-लिंकिंग मांडलं. रायबोफ्लेविनचे थेंब टाकून अतिनील प्रकाश दिला की कॉर्नियातले तंतू एकमेकांना बांधले जातात आणि फुगणं बहुधा थांबतं. अमेरिकेत याला मान्यता मिळायला २०१६ उजाडलं.

नकाशे निर्दोष असलेल्या, ऑपरेशन बिनचूक झालेल्या माणसांचं काय? त्यांच्याकडे संशोधकांचं लक्ष फार उशिरा गेलं. डॉक्टर पाटीवरची अक्षरं वाचून घेत. शेवटची ओळ वाचली की यश. रात्री हायवेवर समोरच्या दिव्याभोवती वलयं दिसतात, डोळे दिवसभर चुरचुरतात, हे त्या ओळीत मावत नाही. २००८ च्या एप्रिलमध्ये एफडीएच्या समितीपुढे त्रासलेले रुग्ण उभे राहिले, आपली दैना सांगितली, आणि पुढच्या वर्षी एफडीए, राष्ट्रीय नेत्रसंस्था आणि संरक्षण खातं यांनी मिळून प्राउल नावाचे दोन अभ्यास आखले. एक नौदलाच्या जवानांवर, दुसरा नागरिकांवर, मिळून ५७४ जण. निकाल २०१७ मध्ये छापून आले.

आधी दिसण्याचा कुठलाच त्रास नसलेल्यांपैकी तीन महिन्यांनी ४३ ते ४६ टक्क्यांना काही ना काही नवं लक्षण जाणवत होतं : वलय, चकाकी, दुहेरी प्रतिमा. आधी डोळे कोरडे नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना कोरडेपणा आला. त्याच वेळी रोजची कामं अडावीत इतका त्रास एक टक्क्याहूनही कमी लोकांना होता, आणि बहुसंख्य लोक समाधानी होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. या अभ्यासातलं सगळ्यांत डोळे उघडणारं निरीक्षण मात्र निराळं. हेच रुग्ण प्रश्नावलीत जितक्या वेळा लक्षणं नोंदवत होते, त्याच्या निम्म्या वेळाही डॉक्टरांना सांगत नव्हते. समोर बसलेल्या डॉक्टरांना वाईट वाटू नये, आपणच हौसेने करून घेतलं, आता रडगाणं कशाला, असा भिडस्तपणा अमेरिकन रुग्णांत इतका असेल तर मराठी माणसात तो किती असेल याची कल्पना करावी.

हा भिडस्तपणा साधा नाही. २०१८ च्या डिसेंबरात डेट्रॉईट परिसर एका बातमीने हळहळला. इथल्या टीव्हीवर हवामान सांगणारी, घरोघरच्या ओळखीची पस्तीस वर्षांची निवेदिका, दोन मुलांची आई, हिने आयुष्य संपवलं. ऑक्टोबरात तिने डोळ्यांची लेसर शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि त्यातून सावरणं कठीण जातंय असं जाहीरपणे लिहिलं होतं. कुटुंबीयांनी पुढे या दुःखाचा संबंध त्या शस्त्रक्रियेशी जोडला. एका घटनेवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, आणि अशा निर्णयामागे एकच कारण क्वचितच असतं. पण कॉर्नियात शरीरातलं सर्वांत दाट मज्जातंतूंचं जाळं असतं. शस्त्रक्रियेत ते कापलं जातं, आणि काही थोड्या लोकांत ते नीट जुळून न येता वेदनेचे संदेश पाठवत राहतं, हे आता अभ्यासकांना मान्य आहे. डोळा बाहेरून ठणठणीत दिसतो, रुग्ण मात्र कळवळतो. त्याच्यावर विश्वास ठेवणं ही उपचारांची पहिली पायरी.

त्या निवेदिकेवर झालेली शस्त्रक्रिया स्माइल पद्धतीची होती. यात फ्लॅप नसतो. फेम्टोसेकंद लेसर कॉर्नियाच्या आतच एक पातळ भिंग कोरतो आणि ते दोन-चार मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर काढतात. त्यामुळे वरचे मज्जातंतू कमी कापले जातात आणि कोरडेपणा सरासरीने कमी राहतो. जर्मनीत वाल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लूम यांनी ही पद्धत घडवली, आणि तिच्या सुरुवातीच्या निकालांपैकी एक महत्त्वाचा शोधनिबंध २०११ मध्ये आला तो सयाजीरावांच्या बडोद्यातून, डॉ. रूपल शहा आणि सहकाऱ्यांचा. अमेरिकेची मान्यता त्यानंतर पाच वर्षांनी मिळाली. म्हणजे ट्रॉयमध्ये जे नवं म्हणून विकलं गेलं, ते बडोद्यात आधीच रुळलं होतं.

मग भारतात जाऊन करण्यात वाईट काय? कौशल्यात आणि यंत्रांत काहीच नाही. पुण्या-मुंबईत तीच यंत्रं आहेत, खर्च बराच कमी आहे, आणि अमेरिकेतला बहुतेक आरोग्यविमा हा खर्च देत नाही. अडचण दिवसांच्या हिशेबाची आहे. तीन आठवड्यांच्या सुट्टीत एक लग्न, कुलदैवत आणि सासर-माहेर करून उरलेल्या दिवसांत लेसिक बसवलं, की दोन गोष्टी मार खातात. आधीच्या तपासणीला लेन्सशिवायचे दिवस मिळत नाहीत आणि नंतरची तपासणी विमानतळावर संपते. पर्कने दहा वर्षं वाट पाहून जे शिकवलं, प्राउलने तीन महिने विचारून जे शिकवलं, ते इथे पहिल्याच आठवड्यात सुटतं. करायचंच असेल तर महिनाभर राहता येईल अशा वेळी करावं, किंवा ट्रॉयमध्ये पुढची तपासणी कोण करणार हे निघण्याआधी ठरवून जावं.

आणखी एक गोष्ट आता मिशिगनच्या मराठी घरांत प्रत्यक्ष पुढे येऊ लागली आहे. वायटूकेच्या आगेमागे इथे आलेली, त्या काळात हौसेने लेसिक केलेली पिढी आता पन्नाशी ओलांडून मोतीबिंदूकडे चालली आहे. मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात. लेसरने कॉर्नियाचा पुढचा पृष्ठभाग चपटा केलेला असतो, मागचा मात्र मूळचाच. नेहमीचं यंत्र दोन्हींचं जुनं नातं गृहीत धरतं आणि कॉर्नियाची ताकद प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतं. मग भिंग कमी ताकदीचं निवडलं जातं आणि आयुष्यभर मायनस असलेला माणूस मोतीबिंदूनंतर प्लस नंबर घेऊन उठतो. यावर हैगिस-एल, बॅरेट ट्रू-के अशी खास सूत्रं निघाली आहेत आणि त्यांनी चूक पुष्कळ कमी केली. त्यांतली काही सूत्रं लेसिकआधीचा नंबर मिळाला तर अधिक नेमकं उत्तर देतात. पंचवीस वर्षांपूर्वीचा तो कागद बहुतेकांकडे नसतो, आणि दवाखाने जुन्या फायली कायम ठेवत नाहीत.

त्यामुळे ज्यांनी केलंय त्यांनी जुन्या दवाखान्याला आजच विचारावं, आणि जे करणार आहेत त्यांनी ऑपरेशनआधीचा चष्म्याचा नंबर, दोन्ही डोळ्यांची जाडी, वक्रता आणि रंगीत नकाशे यांची प्रत मागून घ्यावी. पासपोर्ट ठेवतात त्याच फाइलमध्ये ती ठेवावी.